पाळीत पोट का दुखतं?

फोंडाघाटात काय नि मुंबईत काय, पाळीच्या दुखण्यावर मुलीला पहिला सल्ला मिळतो तो सहन करण्याचा. तो चुकीचा आहे. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांनी स्नायू आवळले जातात, रक्तपुरवठा घटतो, कळ येते. मळमळ, जुलाबही त्यांच्यामुळेच. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन ही औषधं ही रसायनं बनणंच रोखतात. म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची ती कळ सुरू होतानाच, काहीतरी खाऊन. (या गोळीने पुढे मूल होत नाही, ही निव्वळ अफवा!) गरम पाण्याच्या पिशवीनेही आराम पडतो. शाळा बुडवणारी, महिन्यागणिक वाढणारी कळ मात्र एंडोमेट्रिओसिस या आजाराचीही असू शकते. अशा वेळी मुलीला कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवाच.