मिनिएचर रंगवायला ब्रश घेताय? आधी हे वाचा

परवा सोसायटीतली मुलं किल्ल्यावरचे मावळे रंगवायला ब्रश मागायला आली. "काका, सगळ्यात बारीक द्या, डोळे काढायचेत." मी १ नंबरचा दिला, तर तोंडंच पडली!

बारीक काम ब्रशच्या नंबरावर नाही, टोकावर अवलंबून असतं. अगदी बारीक, ००० नंबरच्या ब्रशमध्ये रंग मावतच नाही. अ‍ॅक्रिलिक असेल तर मावळ्याच्या डोळ्यापर्यंत हात जाईतो टोकावरच सुकतो. १ नंबरच्या पोटात रंग टिकतो आणि टोक नीट असेल तर भुवईसुद्धा निघते.

दुकानात काय बघायचं?

ब्रश पाण्यात बुडवून झटका. केस एका टोकाला जुळले पाहिजेत. दोन फाटे फुटले, तर दुसरा मागा.

कोलिन्स्की सेबल म्हणजे सायबेरियन वीझलच्या शेपटीचे केस. टोक उत्तम, पण खिशाला जड. विन्सर अँड न्यूटनची सिरीज ७ यातलीच.

सिंथेटिक स्वस्त पडतो, पण कालांतराने टोक आकड्यासारखं वळतं. शिकायला आणि बेस कोटला तो पुरेसा आहे. धातूच्या रंगांनाही तोच वापरा. ड्रायब्रशिंगला (जवळजवळ कोरडा ब्रश घासून रंगवायला) मात्र जुना, झिजलेला ब्रश घ्या, चांगल्याची वाट लागते.

रंग केसांच्या मुळाशी, धातूच्या नळीपर्यंत चढू देऊ नका. तिथे सुकला की केस फाकतात. काम झालं की साबण आणि गार पाण्याने धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि आडवा ठेवून वाळवा.

नवशिक्यांनी १ आणि २ नंबरचे दोन सिंथेटिक घ्यावेत. सेबल हात बसल्यावर.

काही अडलं तर बिनधास्त विचारा!