वाफसा ओळखणारी साधने : जमिनीतील ओलाव्याचे संवेदक आणि त्यांचा उपयोग

पिकाला पाणी केव्हा द्यावे, हा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे. विहिरीवर मोट चालत होती तेव्हा पाणी उपसण्याचे कष्टच शेतकऱ्याचा हात आवरीत असत. पुढे कालवे आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी बारामतीच्या बाजूस खेळू लागले आणि जिराईत काळ्या रानात ऊस उभा राहिला. परंतु पाण्याच्या मागोमाग एक संकटही आले. निचरा नसलेल्या खोल काळ्या जमिनींत पाणी साठत गेले, भूजलाची पातळी वर चढली, त्याबरोबर क्षार पृष्ठभागावर आले आणि चांगल्या पिकाऊ जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णाकाठच्या गावांतून आजही हेच दुःख पाहावयास मिळते.

पाणी कमी पडले तर एका हंगामाचे पीक जाते. पाणी नित्य जास्त झाले तर जमीनच हातची जाते. म्हणून पाण्याची पाळी केवळ अंदाजाने अथवा कालव्याच्या तारखेने ठरविणे आता परवडणारे नाही. जमिनीच्या पोटात काय चालले आहे हे सांगणारी साधने उपलब्ध झाली आहेत. त्यांना संवेदक किंवा व्यवहारात सेन्सर म्हणतात. त्यांचे कार्य कसे चालते आणि त्यांच्यावर किती विसंबावे, याचे विवेचन येथे केले आहे.

वाफसा म्हणजे काय ?

आपल्या शेतकऱ्यांना वाफसा हा शब्द नवा नाही. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशा स्थितीस वाफसा म्हणतात. सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या म्हणजे मुळांना श्वासोच्छ्वास करता येत नाही व पीक पिवळे पडते. त्या रिकाम्या होत गेल्या म्हणजे उरलेले पाणी मातीच्या कणांना अधिकाधिक घट्ट चिकटून राहते आणि ते ओढून घेण्यास मुळांना अधिक जोर लावावा लागतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जमिनीत पाणी किती आहे हा एक प्रश्न आणि त्यातले मुळांना किती मिळते हा दुसरा प्रश्न. समजा, दोन शेतांत आकारमानाने २० टक्के ओलावा आहे. एक शेत हलक्या वाळूसर जमिनीचे असेल तर तेथे पीक सुखात असेल. दुसरे भारी चिकण काळ्या जमिनीचे असेल तर त्याच २० टक्क्यांत पीक सुकू लागलेले असेल. कारण चिकण माती पाणी पुष्कळ साठविते, तसेच ते घट्ट धरूनही ठेवते. म्हणून शेजाऱ्याच्या साधनावरील आकडा आपल्या शेतास लागू करू नये.

साधनांचे प्रकार

१. ताणमापक : यास टेन्शिओमीटर म्हणतात. अमेरिकेतील विलार्ड गार्डनर व लॉरेन्झो रिचर्ड्‌स यांच्या संशोधनातून १९२० ते १९४० या काळात हे साधन विकसित झाले. पाण्याने भरलेली एक बंद नळी, तिच्या खालच्या टोकास सच्छिद्र चिनीमातीचा पेला आणि वरच्या टोकास दाबमापक, एवढीच त्याची रचना. माती कोरडी होऊ लागली की ती पेल्यातून पाणी शोषून घेते व नळीत निर्माण झालेला ताण मापकाच्या काट्यावर दिसतो. हा ताण सेंटिबार या एककात मोजतात. मुळांना जो जोर लावावा लागतो तोच हे साधन दाखविते, हा त्याचा मोठा गुण होय. मात्र सुमारे ८० सेंटिबारच्या पुढे नळीत हवा शिरते व साधन निकामी होते.

२. जिप्समची वडी : अमेरिकेतील बोयूकोस व मिक यांनी १९४० मध्ये ही पद्धत मांडली. जिप्समच्या वडीत दोन विद्युत्-अग्रे बसवून ती जमिनीत पुरतात. वडी ओली असता वीज सुलभपणे वाहते, कोरडी झाली की अडते. हे साधन ताणमापकाच्या मर्यादेपलीकडील कोरड्या जमिनीतही चालते. परंतु जिप्सम हळूहळू विरघळत असल्यामुळे वडी कालांतराने बदलावी लागते.

३. धारितेवर चालणारे संवेदक : बाजारात हल्ली मिळणारे अनेक संवेदक या वर्गातील आहेत. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १ असतो. त्यामुळे मातीत थोडे पाणी वाढले तरी संवेदकास ते कळते. हा आकडा बिनतारी यंत्रणेने शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठविता येतो. परंतु हे संवेदक पाण्याचे प्रमाण सांगतात, ताण नव्हे. आणि जमिनीत क्षार जास्त असल्यास त्यांपैकी पुष्कळ साधने प्रत्यक्षाहून अधिक ओलावा दाखवितात. जी जमीन आधीच बिघडली आहे तेथेच हे साधन चकवू शकते, हे विसरू नये.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कोईमतूर येथील ऊस पैदास संस्थेने आकड्यांऐवजी रंगीत दिव्यांनी ओलावा दाखविणारे एक सुटसुटीत साधन तयार केले आहे. निळा दिवा लागला तर ओलावा भरपूर, हिरवा लागला तर पुरेसा, नारिंगी लागला तर पाणी देणे इष्ट आणि तांबडा लागला तर पाणी ताबडतोब द्यावे, असा त्याचा संकेत आहे.

साधन बसविण्याची रीत

साधन कितीही चांगले असले तरी ते चुकीच्या जागी बसविल्यास चुकीचेच सांगणार. शेताचा पाटाजवळचा किंवा बांधालगतचा भाग टाळावा. शेताच्या सर्वसाधारण स्थितीशी जुळणारी, पिकाच्या ओळीतील जागा निवडावी. ठिबक संच असल्यास साधन तोटीपासून सुमारे वीतभर अंतरावर असावे. एकाच जागी दोन खोलींवर साधने बसविणे आवश्यक आहे : एक ३० सेंटिमीटरवर व दुसरे ६० सेंटिमीटरवर.

ताणमापकाचा पेला आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवावा. उकळून थंड केलेले पाणी नळीत भरावे, म्हणजे बुडबुडे कमी होतात. गिरमिटाने भोक पाडून त्यात त्याच मातीची पातळ राबडी ओतावी व मग साधन बसवावे. पेला आणि माती यांच्यात पोकळी राहता कामा नये. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की हा संपर्क तुटतो. तेव्हा भेग साधनाजवळ आल्यास ते काढून नव्याने बसवावे.

आकडे कसे वाचावेत ?

नोंद रोज सकाळी एकाच वेळी घ्यावी. ताणमापकावर ० ते १० सेंटिबार दिसल्यास जमीन पाण्याने तुडुंब आहे असे समजावे. पाणी देण्याची वेळ हलक्या जमिनीत साधारणपणे २० ते ३०, मध्यम जमिनीत ३० ते ५० व भारी जमिनीत ५० ते ६० सेंटिबारला येते. हे आकडे आरंभापुरते मार्गदर्शक आहेत. पीक व त्याची अवस्था पाहून ते बदलावे लागतात.

दोन्ही साधनांचे आकडे एकत्र वाचले म्हणजे पुढील गोष्टी समजतात :

(अ) दोन्ही आकडे कमी असल्यास पाणी देऊ नये, मग पाळीची तारीख आली असली तरीही.

(आ) वरचा आकडा वाढला व खालचा कमी असल्यास हलके पाणी पुरेसे आहे.

(इ) वरचा कमी व खालचा जास्त असल्यास पाणी खोलवर पोचत नाही; पाणी देण्याची मुदत वाढवावी.

(ई) दोन्ही वाढलेले असल्यास भरपूर पाणी द्यावे.

(उ) पाणी बंद करून कित्येक दिवस लोटले तरी खालचा आकडा शून्याजवळच राहिल्यास निचरा नाही असे जाणावे. तेथे पाणी कमी करावेच, शिवाय निचऱ्याच्या चरांचा विचार विनाविलंब करावा. जमीन बिघडण्याची ही पहिली सूचना होय. पांढरा थर डोळ्यांना दिसू लागतो तो पुष्कळ उशिरा.

एक हेक्टर क्षेत्रावर एक सेंटिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लक्ष लिटर पाणी. तेव्हा चुकविलेली एक अनावश्यक पाळी किती पाणी व किती वीज वाचविते, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच करावा.

साधनाची पारख

टक्क्यांत आकडा दाखविणाऱ्या संवेदकाची पारख घरच्या घरी होण्यासारखी नसली, तरी मृद्-परीक्षण प्रयोगशाळेच्या साहाय्याने ती सहज होते. संवेदकाजवळची, त्याच खोलीवरील माती घेऊन ती हवाबंद डब्यात न्यावी. ती १०५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे २४ तास वाळवून तिचे वजन करतात. समजा, ओली माती १३० ग्रॅम व वाळलेली १०० ग्रॅम भरली, तर वजनाने ओलावा ३० टक्के झाला. मातीची आकार-घनता १.२ असल्यास आकारमानाने तो ३६ टक्के होतो. संवेदक बहुधा आकारमानाचे प्रमाण दाखवितो, म्हणून तुलना ३६ या आकड्याशी करावयाची, ३० शी नव्हे. फरक फार आढळल्यास विक्रेत्याकडून साधन आपल्या जमिनीस जुळवून घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांतून स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली आहेत. त्यांवरून मंडळातील पाऊस, तापमान व आर्द्रता समजते. परंतु एखाद्या शेतातील मुळांजवळ काय आहे ते समजत नाही. त्याकरिता शेतातलेच साधन हवे. प्रत्येक लहान शेतकऱ्यास ते घेणे शक्य होईलच असे नाही. अशा वेळी सारखी जमीन, सारखे पीक व एकच पाट असलेल्या शेतकऱ्यांनी मिळून एक जोडी घ्यावी आणि तिची नोंद सर्वांना दिसेल अशा फळ्यावर रोज लिहावी, असे कार्यकर्त्यांनी सुचवावे.

पहिल्या हंगामात शेतकऱ्याने आपली जुनी रीत सोडू नये. माती मुठीत दाबून तिचा गोळा होतो की नाही हे पाहावे, पिकाची पाने पाहावीत आणि मगच काट्याकडे पाहावे. हात आणि काटा यांचे एकमत झाले तर विश्वास बसेल. झाले नाही तर चूक कोणाची ते शोधता येईल. अनुभवी शेतकऱ्याचा हात वरची वीतभर माती नेमकी ओळखतो. त्याखाली दोन फुटांवर साठत चाललेले पाणी मात्र हाताला लागत नाही, आणि जमिनीचा घात तेथूनच सुरू होतो. तेवढ्या खोलीपर्यंत नजर पोचावी, यासाठीच या साधनाचा अवलंब करावयाचा आहे.