सिंगूरच्या विधवांची तब्येत

सिंगूर म्हटले की आपल्याला टाटांचा नॅनो कारखाना आणि त्याविरुद्धचे आंदोलन आठवते. वृद्धांच्या आहाराचा आणि अशक्तपणाचा मागोवा घ्यायला बसले, तर याच गावाची त्याच्या साठेक वर्षे आधीची एक नोंद हाती लागते. कोलकात्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थने (स्थापना १९३२) हुगळी जिल्ह्यातल्या सिंगूरला आपले ग्रामीण केंद्र काढले होते. १९४४ मध्ये, लाखोंचा बळी घेणाऱ्या दुष्काळाला जेमतेम वर्ष होत असताना, लाल आणि सील या संशोधकांनी तिथल्या लोकांच्या प्रकृतीची पाहणी केली. तुमची तब्येत कशी आहे, हा त्यातला एक साधा प्रश्न.

विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहोत किंवा बरे वाटत नाही. विधवांमध्ये असे म्हणणाऱ्या निघाल्या अवघ्या २.५ टक्के. ‘आजारी नाही, पण बरेही नाही’ एवढी मवाळ तक्रारही ४५.६ टक्के विधुरांनी केली. विधवांपैकी एकीनेही नाही.

हे आकडे अहवालात पडून राहिले असते. अमर्त्य सेन यांनी १९८५ च्या ‘कमोडिटीज अँड केपेबिलिटीज’मध्ये ते वर काढले. विधवा ठणठणीत होत्या असा अर्थ यातून काढणे त्यांना मान्य नव्हते. आपल्या हलाखीला तक्रार म्हणायचीच जिला सवय नाही, तिच्या उत्तरावरून तिची प्रकृती ठरवता येत नाही, असा त्यांचा रोख होता. बालविवाहाच्या त्या काळात या साऱ्याजणी म्हाताऱ्या नसणार, हे खरे. पण वैधव्याची पथ्ये एकदा मागे लागली की म्हातारपणापर्यंत सुटत नसत.

आणि ती पथ्ये नेमकी स्नायूंच्या मुळावर येणारी होती. बंगाली भद्रलोकांच्या घरात नवरा गेला की बाईच्या ताटातून मासे गेले, कांदा-लसूण गेले, मसुराची डाळही गेली. उरले ते आतप, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाचे एकवेळचे हविष्यान्न आणि एकादशीचा निर्जळी उपास. दूध-तुपाला मनाई नव्हती, पण ते परवडायला तर हवे! आपल्याकडच्या सोवळ्या बायकांनाही एकभुक्त राहणे चुकले नव्हते. फक्त बंगालमध्ये मासा हाच प्रथिनांचा मोठा आधार, म्हणून तिथला घाव अधिक खोल. म्हाताऱ्या शरीराला स्नायू टिकवायला तरुणापेक्षा जास्त प्रथिने लागतात. २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली. पन्नास किलोच्या आजीला म्हणजे रोज ५० ते ६० ग्रॅम. भात आणि वाटीभर मुगाच्या वरणाच्या एका जेवणात ती बसत नाहीत.

दरम्यान वैद्यकशास्त्र विचारण्याकडून मोजण्याकडे सरकत होते. २००१ मध्ये अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी वार्धक्यातल्या क्षीणतेचे, म्हणजे फ्रेल्टीचे, पाच निकष मांडले: आपोआप घटलेले वजन, थकवा, मंदावलेली चाल, सैल पडलेली मूठ आणि कमी झालेली हालचाल. तीन जुळले की माणूस क्षीण. यातला थकवा अजूनही विचारूनच कळतो, आणि सिंगूरची आठवण ठेवली तर ही यातली कच्ची वीट.

नुसते खाऊ घालून भागते का, याचे उत्तर त्याआधीच बोस्टनमध्ये मिळाले होते. १९९४ च्या फियातारोनी यांच्या प्रयोगात सरासरी ८७ वर्षांच्या शंभर वृद्धाश्रमवासीयांपैकी काहींना पायांचे वजनी व्यायाम दिले, काहींना पूरक आहार, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून वाढली. नुसत्या पूरक आहाराने फरक पडला नाही. प्रोटीन पावडरचे डबे आईवडिलांकडे पाठवून निश्चिंत होणाऱ्या मुलांनी हा निष्कर्ष वाचायला हरकत नाही. अर्थात त्या आश्रमात दोन वेळचे जेवण ठरलेले होते. ज्या घरी तेच नाही, तिथे आधी ताटच भरावे लागेल.

भारतभर वृद्धांची मूठ मोजली गेली ती लासी (लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) या पाहणीत, २०१७-१८ मध्ये. ती चालवली मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने. पंचेचाळिशीवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना प्रश्न तर विचारलेच, शिवाय वजन-उंची घेतली, चालण्याचा वेग पाहिला, हातात मुठीची ताकद मोजणारा डायनॅमोमीटर दिला. साठीपुढच्यांत पावाहून थोडे अधिक लोक कमी वजनाचे निघाले.

राहिला प्रश्न पट्टीचा. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये अशक्त मुठीची सीमा पुरुषांना २८ आणि बायकांना १८ किलो धरली. आयुष्यभर अर्धपोटी राहिलेल्या, चणीनेच लहान असलेल्या भारतीय बाईला तीच सीमा लावायची, की तिच्यासाठी वेगळी आखायची, यावर एकमत नाही. सीमा खाली आणली तर आकडे सुधारतील. मूठ होती तेवढीच राहील.