आखाड्यातून शाळेच्या मैदानावर : बडोद्याचे जुम्मादादा व्यायाम मंदिर

बडोदे, म्हणजे आजचे वडोदरा, येथील श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर ही संस्था एकोणिसाव्या शतकातील तालमीच्या परंपरेतून उभी राहिली असून, कुस्तीच्या हौद्यातील मेहनत शाळकरी मुलांच्या कवायतीपर्यंत कशी पोहोचली, हे जाणून घेण्यासाठी तिच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक ठरते.

गायकवाडी दरबारात मल्लविद्येचा आदर जुना होता. खंडेराव महाराजांनी (कारकीर्द १८५६ ते १८७०) अनेक मल्ल पदरी बाळगले. परंतु हा राजाश्रय निवडक पैलवानांपुरता असल्याने सामान्य प्रजेच्या वाट्याला कुस्ती पाहण्याचा आनंद तेवढा येई. १८७५ मध्ये गादीवर आलेल्या सयाजीराव तिसऱ्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा शाळेत एकत्र आलेल्या मुलांना कोणता व्यायाम द्यावा, हा प्रश्न नव्याने महत्त्वाचा झाला.

त्याचे एक उत्तर जुम्मादादांच्या आखाड्यात तयार होत होते. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद होते. त्यांचे शिष्य गजानन यशवंत तांबे पुढे राजरत्न प्रोफेसर माणिकराव (१८७८ ते १९५४) या नावाने प्रसिद्धीस आले, आणि गुरूचे नाव त्यांनी संस्थेच्या रूपाने कायम राखले. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजलेले होते. मात्र त्यांचे खरे वैशिष्ट्य सांघिक व्यायामात दिसते. सांघिक व्यायाम म्हणजे एकाच हुकुमावर मोठ्या समूहाने तालात करावयाची मेहनत होय. लष्करी कवायतीची शिस्त स्वीकारून त्यांनी इंग्रजी हुकुमांच्या जागी हिंदी हुकूम योजले, तसेच उस्तादाने एकेका शिष्याला शिकवावयाचे देशी व्यायामप्रकार समूहाला एकाच वेळी करता येतील अशा रीतीने बसविले.

या पद्धतीचा प्रभाव शिष्यांमार्फत दूरवर गेला. छोटुभाई आणि अंबुभाई पुराणी या बंधूंनी गुजरातेत व्यायामशाळांची चळवळ रुजवली. माणिकरावांचे दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि पुढे मुंबई प्रांतातील शालेय शारीरिक शिक्षणाच्या आखणीतही भाग घेतला. बडोद्यातील हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम प्रसिद्ध करून अखिल भारतीय सामने भरविले, तर दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी येथूनच दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला.

या पद्धतीचे वेगळेपण एका तुलनेतून स्पष्ट होते. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील मॅसिलॉनसारख्या गावात हायस्कूलचा फुटबॉल संघ हा साऱ्या गावाचा अभिमान असतो. तेथे निवडक मुले खेळतात आणि गाव पाहते. सांघिक व्यायामाचा हेतू याच्या उलट, म्हणजे वर्गातील एकही मूल केवळ प्रेक्षक राहू नये, असा होता. त्यामुळे या संस्थेची थोरवी तिने घडविलेल्या मल्लांवरून जोखणे अपुरे ठरेल; व्यायाम हा मोजक्यांचा पराक्रम नसून प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भाग आहे, हा विचार कृतीत उतरविणे हेच तिचे सर्वांत मोठे कार्य मानावे लागते.