समजून घ्या : पार्सलचा कचरा कमी करायचा, तर डबा परत यायला हवा

सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातील गावांमधून मुले शिकायला हिंगोली, परभणी, नांदेडला जातात. मेसची वेळ चुकली की खोलीवर पार्सल येते. जेवण दहा मिनिटांत संपते. डबी, झाकण, चमचा आणि पिशवी थेट कचऱ्यात जातात. धुऊन पुन्हा वापरायच्या डब्यांनी हा कचरा कमी होईल का?

बंदी असूनही कचरा का?

राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने एकदाच वापरायच्या प्लास्टिक व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे देशभर बंद झाले. विक्रेते कागदी आणि ॲल्युमिनियमच्या डब्यांकडे वळले. वस्तू बदलली, फेकण्याची सवय तीच राहिली.

गणित काय सांगते?

स्टीलचा डबा बनवायला पातळ प्लास्टिकच्या डबीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. तो अनेकदा वापरला तरच फायदा. दर फेरीला १०० पैकी ९५ डबे परत आले, तर एक डबा सरासरी २० फेऱ्या करतो. ८० परत आले, तर फक्त ५. म्हणजे खरा प्रश्न डबा कशाचा हा नसून तो किती वेळा परत येतो हा आहे.

एसटीचा डबा का परत येतो?

मराठवाड्याला हे उत्तर जुने आहे. गावाहून एसटीने मुलांना डबा जातो, कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीने घरी येतो. दोन डब्यांवर महिनोन्‌महिने भागते. मुंबईचे डबेवाले १८९० पासून याच तत्त्वावर चालतात. डब्यावर खूण असते, मार्ग ठरलेला असतो आणि घरी कुणीतरी डब्याची वाट पाहत असते.

कॅम्पसमध्ये काय हवे?

• प्रत्येक डब्यावर क्रमांक आणि घेणाऱ्याची नोंद
• डबा परत दिल्यावर मिळणारी अनामत रक्कम
• डबे जमा करायची पेटी मेसमध्ये नव्हे, वसतिगृहाच्या दारात
• धुण्याआधी खरकटे वेगळे काढण्याची सोय, म्हणजे पाणी वाचते

आणि वेळ असेल तर मेसमध्ये बसून स्टीलच्या ताटात जेवावे. त्या जेवणाला पार्सलच लागत नाही.