डबल अपमध्ये पाहिलेले संग्रहालय

आठवीत आम्ही दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय पन्नास मिनिटांत पाहिले. तीन-तीनच्या रांगेत आत, तीन-तीनच्या रांगेत बाहेर. रात्री आईला फोनवर सांगायला लागलो, तर ‘मूर्ती होत्या, तलवारी होत्या’ यापुढे गाडी जाईना. आई म्हणाली, “अरे, मग पाहिलंस काय?”

यंदा पुन्हा जायला मिळाले, तेव्हा एकच वस्तू नीट पाहायची असे ठरवले. ती म्हणजे तळमजल्यावरच्या हडप्पा दालनातली मोहेंजोदडोची नर्तकी. १९२६ साली उत्खननात सापडलेली, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. पुस्तकातल्या फोटोवरून मला ती हातभर उंच वाटायची. प्रत्यक्षात उंची १०.५ सेंटिमीटर! खरे सांगतो, आधी हिरमोडच झाला. मग काचेजवळ वाकलो. डावा हात बांगड्यांनी भरलेला, उजव्या हातात चारच, आणि तो हात कमरेवर. मान अशी ताठ, की आमच्या उस्तादांसमोर कोणी तसे उभे राहिले तर मैदानाला चार फेऱ्या नक्की.

ती घडवण्याची रीत तर फारच हुशारीची. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा आणि भाजायचे. मेण वितळून बाहेर येते आणि आत पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. मूर्ती काढताना साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. म्हणजे तिची जुळी बहीण कुठेही नाही.

एवढे होईपर्यंत आमचे स्क्वॉड पुढच्या दालनात गेले होते. रविवारी एक्स्ट्रा ड्रिल मिळाली. पण या वेळी आईशी वीस मिनिटे बोललो.

परतताना सरदार पटेल मार्गाजवळ बसमधून ‘ग्यारह मूर्ती’ दिसली. देवीप्रसाद रॉयचौधुरी यांचे दांडीयात्रेचे हे शिल्प; जुन्या ५०० रुपयांच्या नोटेमागे होते तेच. पुढे गांधीजी, मागे दहा जण. याला ना तिकीट, ना सोमवारची सुट्टी. आम्ही रोज कदमताल करतो, त्यामुळे माझी नजर आधी पायांवर गेली. सगळे एकाच दिशेने झुकलेत, पण कदम कोणाचेच जुळत नाहीत. तरी रांग पुढे सरकतेय असे वाटते. ते कशामुळे, हे बसमधून कळले नाही. पुढच्या वेळी तिथे उतरायचे आहे.