गिरणेची साक्ष : बाटलीची आणि अळीची

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने पर्यावरण अभ्यासाचा जो सामायिक अभ्यासक्रम केला, त्यात 100 पैकी 25 गुण क्षेत्रकार्याला ठेवले. देवळ्याच्या मुलांना त्यासाठी लांब जायला नको. लोहोणेरला गिरणा नदी आहे.

आधी जागा ठरवायच्या. एक गावाच्या वरच्या अंगाला, दुसरी सांडपाणी नदीला मिळतं त्याच्या खाली. एकट्या आकड्यातून फारसं कळत नाही, दोन जागांतल्या फरकातून कळतं. वरच्या चणकापूर धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलंय का, हेही वहीत लिहायचं; जादा पाण्यात घाण विरळ होते.

मग वेग. काठावर 10 मीटर अंतर मोजून प्रवाहात संत्रं सोडायचं. 20 सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी पाणी सावकाश वाहतं, म्हणून सरासरीसाठी 0.85 ने गुणतात.

आता विरघळलेला ऑक्सिजन. काचेची बाटली पाण्याखालीच, बुडबुडा न राहू देता भरायची. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं. गढूळ तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही. प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली आम्ल घातलं की साका विरघळून आयोडीन सुटतं. त्यात स्टार्च टाकून निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट सोडायचं. जितकं थायोसल्फेट, तितका ऑक्सिजन.

तापमानही हवंच. 25 अंशांना स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना 7.5. शिवाय शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री नुसतं खातं. म्हणून दोन्ही जागी एकाच सुमारास मोजायचं.

शेवटी पात्रातले दगड उलटून खालचे किडे पाहायचे. मेफ्लायच्या बऱ्याच जातींची पिल्लं ऑक्सिजन घटला की टिकत नाहीत. कायरोनोमिडच्या लाल अळ्या मात्र अंगातल्या हिमोग्लोबिनमुळे कमी ऑक्सिजनातही तग धरतात.

बाटली त्या क्षणाचं सांगते, अळी मागच्या कित्येक आठवड्यांचं. बाटलीतला आकडा चांगला आणि दगडाखाली नुसत्या लाल अळ्या, असं दिसलं तर मोजणी चुकली असं लगेच धरू नये. घाण रात्री येत असेल किंवा आवर्तन नसताना साचत असेल. पुढची फेरी पहाटे काढायची, आणि तीही आवर्तन बंद असताना.